एलसी३चा बँड गडद झाला म्हणजे ऑटोफॅजी वाढली का?

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःतलाच खराब झालेला भाग पचवून टाकणं. प्रश्न थोडक्यात असा: एसएच-एसवाय५वाय पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, चेतापेशींसारख्या मानवी पेशींना) वनस्पतीतून वेगळं केलेलं एक शुद्ध संयुग १० मायक्रोमोलर मात्रेत २४ तास दिलं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) एलसी३-दोनचा बँड कंट्रोलच्या तिप्पट आला. ‘संयुगामुळे ऑटोफॅजी वाढते, म्हणून पार्किन्सनमध्ये उपयोगी पडू शकेल’ असं लिहून पेपर पाठवला, तो समीक्षकाने ‘फ्लक्स दाखवा’, म्हणजे ठरावीक वेळात खरोखर किती पचलं ते दाखवा, म्हणून परत पाठवला. आता नेमके कोणते प्रयोग करायचे, आणि पी६२चा (ऑटोफॅजीत स्वतःही पचणाऱ्या प्रथिनाचा) ब्लॉट जोडला तर भागेल का?

नुसत्या पी६२ने भागणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. आधी समीक्षक का अडला ते पाहू, कारण तो उगाच अडलेला नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर घरोघरी दिवाळीची साफसफाई निघालीय, नाही तर दोन दिवस घंटागाडी फिरकलेली नाही. ढिगाच्या फोटोवरून यातलं काय खरं ते सांगता येत नाही. ऑटोफॅगोसोम म्हणजे पेशीतली ही कचऱ्याची पिशवी: दुहेरी पडद्याची, आत खराब झालेली मायटोकॉन्ड्रिया, प्रथिनांचे गोळे वगैरे. लायसोसोम म्हणजे तो कचरा जिरवणारी जागा. एलसी३-दोन हे त्या पिशवीच्या पडद्याला चिकटलेलं प्रथिन. बाहेरच्या पडद्यावरचं एलसी३-दोन एटीजी४ हे एन्झाइम सोडवून घेतं, आतल्या पडद्यावरचं लायसोसोममध्ये पचून जातं. म्हणजे ऑटोफॅजी जोरात चालली तर एलसी३-दोन जास्त बनतं आणि जास्त पचतंही. तुमचा ब्लॉट हा ढिगाचा फोटो आहे. संयुगाने पिशव्या जास्त बनवल्या की लायसोसोम बंद पाडला, हे त्यातून कळत नाही. यातला एक निष्कर्ष दुसऱ्याच्या बरोबर उलट आहे. दुसरा खरा असेल तर पार्किन्सनच्या पेशींना, ज्यांची सफाई आधीच अडखळलेली असते, तुम्ही औषध म्हणून अडथळा देताय.

ही नुसती तात्त्विक शंका नाही. डॅनन रोगात एलएएमपी-२ या लायसोसोमच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो आणि हृदयाच्या व हातापायांच्या स्नायूंत ऑटोफॅजीच्या पोकळ्या खच्चून भरलेल्या दिसतात. तिथे पिशव्या मुबलक आहेत, विल्हेवाट खोळंबलीय. अल्झायमरच्या रुग्णांच्या चेतातंतूंतही अर्धवट पचलेल्या पिशव्यांची गर्दी सापडते आणि तिचं मोठं कारण लायसोसोमकडची अडचण हेच मानलं जातं. दीर्घकाळ क्लोरोक्वीन घेणाऱ्या काही रुग्णांना होणारा स्नायूंचा विकारही याच जातीचा.

गंमत म्हणजे या क्षेत्राचा पायाच ‘गाडी मुद्दाम थांबवून ढीग मोजा’ या युक्तीवर घातला गेलाय. ऑटोफॅजी हा शब्द क्रिस्तियान द दूव यांनी १९६३ मध्ये दिला, पण यीस्टमध्ये ती प्रक्रिया साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हती, कारण पिशव्या पोकळीत (व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे यीस्टच्या लायसोसोममध्ये) पोचताच विरघळून जायच्या. योशिनोरी ओसुमी यांनी पचवणारी प्रोटिएज एन्झाइमं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत पोकळी पिशव्यांनी भरून गेली. १९९२ चं हे काम. २०१६ चं नोबेल ज्या वाटचालीला मिळालं तिची ही सुरुवात. समीक्षक तुमच्याकडे मागतोय ते तत्त्वतः हेच.

यीस्टमध्ये जे जनुकाने केलं ते तुम्ही बॅफिलोमायसिन ए१ने करायचं. ते लायसोसोमचा प्रोटॉन पंप बंद करतं, आतलं आम्ल कमी होतं, पचन थांबतं. चार खण लागतात: नुसतं द्रावक, नुसतं संयुग, नुसतं बॅफिलोमायसिन, आणि दोन्ही. त्यात उपासमारीचे दोन खण वाढवा, बॅफिलोमायसिनसह आणि त्याशिवाय, म्हणजे सहा खणांची एक प्लेट बरोबर भरते. उपासमारीचा जोड तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल. त्यातही फरक दिसला नाही तर प्रयोगच चाललेला नाही, संयुगाबद्दल काहीही बोलू नका.

पेशी आदल्या दिवशी खणाला ५ ते ६ लाख या हिशेबाने लावा. काढायच्या वेळी त्या ७०–८० टक्के भरलेल्या असाव्यात. गच्च भरलेल्या खणात मीडियातली पोषकद्रव्यं संपत येतात आणि पेशी आपण होऊन ऑटोफॅजी सुरू करतात. मग कंट्रोलच वर चढतो आणि संयुगाचा परिणाम त्यात बुडतो. म्हणून संयुग घालताना सगळ्या खणांचा मीडिया एकाच वेळी बदला, फक्त संयुगाच्या खणांचा नाही. ही चूक फार सर्रास होते.

बॅफिलोमायसिनची १०० मायक्रोग्रॅमची कुपी येते. रेणुभार सुमारे ६२३, त्यामुळे १.६ मिलिलिटर डीएमएसओत विरघळवली की १०० मायक्रोमोलरचा साठा होतो. खणात २ मिलिलिटर मीडिया असेल तर २ मायक्रोलिटर घातल्यावर १०० नॅनोमोलर मिळतं. साठा छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा, तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका. ज्या खणांत बॅफिलोमायसिन नाही तिथे तेवढाच डीएमएसओ घालायचा, हे वेगळं सांगायला नको.

घालायची वेळ: २४ तासांतले शेवटचे २ ते ४ तास, सुरुवातीपासून नव्हे. दिवसभर बॅफिलोमायसिन दिलं तर पेशी मरायला लागतात, एमटॉरचे (पोषण पाहून ऑटोफॅजी रोखणाऱ्या प्रथिनाचे) संकेत बिघडतात, आणि ढीग इतका वाढतो की दोन खणांतला फरकच दिसेनासा होतो. उपासमारीसाठी ईबीएसएस द्रावण २ तास. त्यात ग्लुकोज असतं पण अमिनो आम्लं नसतात, आणि महत्त्व त्यालाच आहे. नुसतं सीरम काढून घेतलं की झाली उपासमार, असं समजू नका. अमिनो आम्लांनी भरलेल्या मीडियात ऑटोफॅजी फारशी पेटत नाही. ईबीएसएस घालण्यापूर्वी त्याच द्रावणाने पेशी दोनदा धुवा, नाही तर तळाशी राहिलेला थेंबभर मीडियाही परिणाम मवाळ करतो. एसएच-एसवाय५वाय पटकन सुटतात, तेव्हा पिपेटची धार पेशींवर नको, खणाच्या भिंतीवर सोडा.

बॅफिलोमायसिनची मात्रा पुरेशी आहे का, हे तुमच्या पेशींत एकदा तपासून घ्याच: ५०, १०० आणि २०० नॅनोमोलर. १०० वरून २०० वर जाताना एलसी३-दोन आणखी वाढत नसेल तर पचन पूर्ण थांबलंय. वाढत असेल तर १०० वर केलेल्या प्रयोगाचा अर्थ लागणार नाही, कारण संयुगाने उरलंसुरलं पचन अडवलं तरी ‘बनवणं वाढलं’ असाच भास होईल. बॅफिलोमायसिन महाग पडतं म्हणून क्लोरोक्वीन वापरायचा मोह होतो. २० ते ५० मायक्रोमोलर चालतं, पाण्यात विरघळतं, स्वस्तही आहे. पण ते मुख्यतः पिशवी आणि लायसोसोम जुळण्यातच अडथळा आणतं, गॉल्जीचाही विस्कोट करतं. दुसरा पुरावा म्हणून ठीक, एकमेव पुरावा म्हणून नको.

आता ब्लॉट. निम्मे घोटाळे इथेच होतात.

एलसी३चे दोन बँड १४ ते १८ किलोडाल्टनच्या पट्ट्यात येतात. वरचा एलसी३-एक, म्हणजे पडद्याला न चिकटलेलं रूप; खालचा, जास्त पळालेला, तो एलसी३-दोन. त्याला फॉस्फॅटिडिलइथॅनोलामीन हा मेद जोडलेला असल्याने खरं वजन त्याचंच जास्त, पण मेदामुळे तो जेलमध्ये वेगाने उतरतो. हे उलटं वाटतं आणि म्हणूनच आकृत्यांत नावांची अदलाबदल झालेली सापडते. १५ टक्क्यांचं जेल घ्या. निळी रेघ तळापासून अर्धा-एक सेंटीमीटर वर असतानाच जेल थांबवा. ती बाहेर पडेपर्यंत चहाला गेलात तर एलसी३-दोनही बफरच्या टाकीत जाऊन बसतो. मेम्ब्रेन पीव्हीडीएफ, ०.२ मायक्रॉनची. ०.४५ची मेम्ब्रेन बहुतेक प्रयोगशाळांत पडलेली असते, पण एवढं छोटं प्रथिन तिच्यातून आरपार निघून जातं. मेथॅनॉलमध्ये अर्धा मिनिट ओली करा, ट्रान्सफर बफरमध्ये २० टक्के मेथॅनॉल ठेवा, ओला ट्रान्सफर १०० व्होल्टवर तासभर, बर्फाच्या पिशवीसह. मेम्ब्रेन २५ आणि ५० किलोडाल्टनच्या खुणांवर आडवी कापली की एकाच ब्लॉटमध्ये वर पी६२, मध्ये अ‍ॅक्टिन (सगळ्या लेनमध्ये सारखं असायला हवं असं तुलनेचं प्रथिन), खाली एलसी३ असे तिन्ही मिळतात आणि तुलना सरळ होते.

पेशी फोडताना: नुसत्या सौम्य ट्रायटनच्या बफरने पी६२चे गोळे विरघळत नाहीत, ते गाळात बसतात आणि तुम्ही गाळ फेकून देता. मग ‘पी६२ कमी झालं’ असं दिसतं, प्रत्यक्षात ते अडकून साचलेलं असतं. १ ते २ टक्के एसडीएसच्या गरम बफरमध्ये थेट फोडा, डीएनएचा चिकटपणा सोनिकेटरने मोडा, बीसीएने प्रथिन मोजा आणि लेनला २० मायक्रोग्रॅम घाला. नमुने वारंवार गोठवू-वितळवू नका, एलसी३-एक नाजूक आहे आणि आधी तोच जातो.

याच कारणाने एलसी३-दोन भागिले एलसी३-एक हे गुणोत्तर वापरू नका. एक टिकत नाही, अनेक अँटिबॉडी दोघांना सारख्या ताकदीने ओळखत नाहीत, आणि एकचं मूळ प्रमाण पेशीगणिक वेगळं असतं. एलसी३-दोन भागिले अ‍ॅक्टिन, एवढंच धरा.

आणखी एक अडचण हमखास येते. बॅफिलोमायसिनच्या लेन इतक्या गडद येतात की त्या पूर्ण भरून गेल्यावरच कंट्रोलचा फिकट बँड दिसायला लागतो. भरलेल्या बँडची घनता मोजणं व्यर्थ. कमी आणि जास्त वेळ एक्स्पोजर दिलेल्या अशा दोन्ही प्रतिमा घ्या आणि एकाच नमुन्याचे ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम चालवून सिग्नल कुठपर्यंत सरळ रेषेत वाढतो ते आधी ठरवा. बॅफिलोमायसिनच्या दोन लेनमध्ये ‘फरक नाही’ असं दिसतं, त्यामागे पुष्कळदा जीवशास्त्र नसतं, भरून गेलेला कॅमेरा असतो.

आता आकडे वाचायचे कसे. समजा कंट्रोल १, संयुग ३ आणि नुसतं बॅफिलोमायसिन ४ आलं. म्हणजे कंट्रोल पेशींत बॅफिलोमायसिनच्या त्या २ ते ४ तासांत ३ एवढं एलसी३-दोन पचलं असतं, ते साचलं. हा झाला फ्लक्स. चौथ्या खणात ८ आलं तर संयुगाच्या पेशींचा फ्लक्स ८ वजा ३, म्हणजे ५. ऑटोफॅजी खरोखर वाढली, तुमचं वाक्य टिकलं. चौथ्यात ४च आलं तर फ्लक्स १, म्हणजे संयुगाने विल्हेवाट मंदावली आणि पेपरचं शीर्षक उलटं झालं. आणि ६ आलं तर? फ्लक्स ३, कंट्रोलएवढाच. पिशव्या तेवढ्याच बनतायत नि तेवढ्याच जिरतायत, पण प्रत्येक पिशवी पूर्वीपेक्षा जास्त वेळ पडून राहते म्हणून ढीग मोठा. या तिसऱ्या शक्यतेकडे लोक सहसा पाहत नाहीत आणि ६ हे ४ पेक्षा मोठं म्हणून ‘वाढली’ लिहून मोकळे होतात. वजाबाकी दोन्ही जोड्यांची करा, नुसत्या बॅफिलोमायसिनच्या लेनची तुलना पुरेशी नाही. संख्याशास्त्रात याचाच अर्थ दुतर्फा अ‍ॅनोव्हातला परस्परसंबंध (इंटरअ‍ॅक्शन) तपासणं. आणि एकाच प्लेटचे तीन खण म्हणजे एन बरोबर तीन नव्हे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर किमान तीनदा.

हा फ्लक्स फक्त त्या शेवटच्या २ ते ४ तासांचा आहे, हेही ध्यानात असू द्या. सहाव्या तासाला वाढलेली ऑटोफॅजी चोविसाव्या तासाला थकलेली असू शकते. २, ६, १२ आणि २४ तासांची मालिका केलीत तर समीक्षकाचा पुढचा प्रश्न आधीच मिटतो.

पी६२बद्दल. हे प्रथिन कचरा पिशवीत ओढून आणतं आणि स्वतःही त्याबरोबर पचतं, म्हणून ‘पी६२ उतरलं की ऑटोफॅजी चालू’ असा सोपा नियम पडला. पण त्याच्या जनुकाचं नियंत्रण एनआरएफ२ हे ताणाच्या वेळी जनुकं चालू करणारं प्रथिन करतं, आणि वनस्पतीतली कित्येक फेनॉलिक संयुगं नेमकी एनआरएफ२ला जागं करतात. तेव्हा तुमच्याकडे ऑटोफॅजी वाढूनही पी६२ चढलेलं दिसू शकतं, कारण बनवणं पचवण्याच्या पुढे गेलेलं असतं. पी६२चा ब्लॉट द्याच, पण सोबत त्याच्या एमआरएनएचं क्यूपीसीआर हवं, आणि ब्लॉटही बॅफिलोमायसिनसह व त्याशिवाय.

ब्लॉटला जोड म्हणून एमआरएफपी-जीएफपी-एलसी३ हा दुहेरी रंगाचा रिपोर्टर उत्तम. जीएफपी आम्लात विझतो, लाल टिकतो. साध्या पिशव्या पिवळ्या दिसतात, लायसोसोमशी जुळलेल्या नुसत्या लाल. ईबीएसएसने लाल ठिपके वाढले पाहिजेत, बॅफिलोमायसिनने पिवळे. तुमच्या संयुगाने पिवळेच वाढत असतील तर पुढचं काही सांगायची गरज नाही. अडचणी दोन. भरमसाट ट्रान्सफेक्शन केलं तर एलसी३चे नुसतेच गोळे होतात आणि ते ठिपक्यांसारखे दिसतात. म्हणून कमी पातळीची स्थिर सेललाइन बनवा आणि जी१२०ए उत्परिवर्तन असलेलं एलसी३, ज्याला मेद चिकटूच शकत नाही, ते शेजारी ठेवा. त्यात ठिपके दिसले तर ते खोटे. दुसरं, संयुग हळदीतल्या कुरकुमीनसारखं स्वतःच चमकणारं असेल तर ‘हिरवा’ सिग्नल त्याचाच असू शकतो. रिपोर्टर नसलेल्या पेशींना संयुग देऊन त्याच सेटिंगवर एक फोटो काढा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रतिमा शक्यतो जिवंत पेशींच्या घ्या, कारण फिक्स केल्यावर आम्लाचा फरक मिटतो आणि विझलेला जीएफपी परत उजळू शकतो. दर स्थितीत ३०–५० पेशी, आणि मोजणाऱ्याला कोणता खण कोणता ते माहीत नसावं.

इथपर्यंत केलंत तर बहुतेक समीक्षक समाधानी होतात. पण संयुग जर पाण्यात किंचित अल्कधर्मी आणि मेदात विरघळणारं असेल, क्लोरोक्वीन किंवा अमिओडॅरोनच्या घडणीचं, तर आणखी एक खेळी तपासाच. अशी संयुगं लायसोसोममध्ये जाऊन साचतात, तो फुगतो, आणि पेशी एलसी३ थेट लायसोसोमच्या एकेरी पडद्यावर चिकटवते. इथे पिशवी बनतच नाही, तरी ब्लॉटवर एलसी३-दोन हुबेहूब तसंच दिसतं. याला सीएएसएम म्हणतात. खूण अशी की या एलसी३-दोनला प्रोटॉन पंप आणि एटीजी१६एल१ची जुळणी लागते, त्यामुळे बॅफिलोमायसिन संयुगाबरोबर घातलं की तो बँड वाढण्याऐवजी घटतो. चौथ्या खणात ३पेक्षाही कमी आलं तर बुचकळ्यात पडू नका, पहिला संशय याच्यावर घ्या. पक्कं करायला एफआयपी२०० किंवा एटीजी१३ नसलेल्या पेशी वापरा. नेहमीच्या ऑटोफॅजीला ते लागतात, सीएएसएमला लागत नाहीत. त्या पेशींतही संयुगाने एलसी३-दोन वाढलं तर ती ऑटोफॅजी नव्हे. एटीजी५ किंवा एटीजी७ काढून हा फरक कळणार नाही, कारण मेद चिकटवणारी ती यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे. आणि एसआयआरएनएवर (जनुक पूर्ण न काढता नुसतं दाबणाऱ्या तंत्रावर) विसंबू नका, उरलेल्या थोड्याशा प्रथिनावरही काम चालून जातं. क्रिस्परची नॉकआउट लाइनच घ्या.

वेळ आणि पैसे दोन्ही तुटपुंजे असतील तर माझा क्रम असा: आधी सहा खणांचा ब्लॉट, वेगवेगळ्या दिवशी तीनदा, त्याच मेम्ब्रेनवर पी६२. मग पी६२चं क्यूपीसीआर. मग दुहेरी रिपोर्टर. नॉकआउट फक्त बॅफिलोमायसिनने बँड उतरला तर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा खर्च सगळ्यात शेवटी; दुहेरी पडदा त्यात छान दिसतो, पण तोही पुन्हा ढिगाचाच फोटो.

आणि समजा फ्लक्स घटलेला निघाला, तर पेपर फेकून देऊ नका. डीक्यू-बीएसए (पचलं की चमकणारं प्रथिन) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर देऊन लायसोसोम प्रथिनं पचवतोय का ते बघा, लायसोट्रॅकर (आम्लाच्या जागी साचणारा रंग) ५० नॅनोमोलर अर्धा तास देऊन आम्ल शिल्लक आहे का ते बघा. डीक्यू-बीएसए मंद आणि लायसोट्रॅकर फिका असेल तर आम्लच गेलंय. लायसोट्रॅकर ठीक पण डीक्यू-बीएसए मंद असेल तर कॅथेप्सिनांकडे, म्हणजे लायसोसोमच्या पचवणाऱ्या एन्झाइमांकडे पाहा. दोन्ही ठीक असतील तर पिशवी आणि लायसोसोम जुळण्याच्या टप्प्यात, सिन्टॅक्सिन-१७ आणि रॅब७च्या आसपास शोधा. पार्किन्सनचा दावा मात्र तेव्हा काढून टाकावा लागेल.